शालेय हर्लिंगचा हंगाम : आयर्लंडमधल्या मराठी पालकांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मूल आयरिश शाळेत जाऊ लागलं की एखाद्या सप्टेंबरात दप्तराबरोबर एक वाकडी, पसरट टोकाची काठीही घरी येते. तिथून प्रश्न सुरू होतात. जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात ते इथे एकत्र केले आहेत. सुरुवातीचे अगदी प्राथमिक आहेत, पुढे अपवाद आणि अडचणीच्या बाबी येतात. एका प्रश्नाचं उत्तर दुसरीकडे आलं असेल तर त्याचा क्रमांक दिला आहे.

१. हर्लिंग म्हणजे हॉकीचाच आयरिश प्रकार का?

काठी आणि चेंडू सोडले तर फारसं साम्य नाही. हॉकीत चेंडू बराचसा जमिनीवर असतो आणि काठीची एकच सपाट बाजू वापरायची असते. हर्लिंगमध्ये काठीच्या दोन्ही बाजू चालतात, चेंडू बराच वेळ हवेत असतो, तो हाताने झेलता येतो, पायाने मारता येतो आणि काठीच्या टोकावर तोलत धावताही येतं. प्रत्येक संघात १५ खेळाडू असतात. मैदान १३० ते १४५ मीटर लांब आणि ८० ते ९० मीटर रुंद, म्हणजे फुटबॉलच्या मैदानापेक्षा बरंच मोठं. मोठ्या वयोगटाचा शालेय सामना ६० मिनिटांचा असतो. टीव्हीवर दिसणारे काउंटींचे (म्हणजे जिल्ह्यांचे) वरिष्ठ सामने ७० मिनिटांचे असतात.

काठीला इंग्रजीत हर्ली म्हणतात, किलकेनी काउंटीच्या बाजूला नुसतं ‘हर्ल’. आयरिश भाषेत तिचं नाव कमॉन, कारण तिथे ‘कॅम’ म्हणजे वाकडं. आपल्या ‘कमान’ शब्दाशी उच्चार जुळतो तो निव्वळ योगायोगाने, आपला शब्द फारसीतून आलेला आहे. पण मुलांना नाव लक्षात ठेवायला हा योगायोग फार उपयोगी पडतो. पसरट टोकाला ‘बॉस’ म्हणतात, ते जास्तीत जास्त १३ सेंटिमीटर रुंद असू शकतं. चेंडू म्हणजे स्लिटर: आत बूच, वर चामडं, आणि शिवणीच्या जागी उठून दिसणाऱ्या कडा. वजन ११० ते १२० ग्रॅम. आकाराने साधारण क्रिकेटच्या चेंडूएवढा, पण वजनाने बराच हलका.

खेळाचा कारभार गेलिक ॲथलेटिक असोसिएशन पाहते. ही संस्था १ नोव्हेंबर १८८४ रोजी टिपररीतल्या थर्लस गावी स्थापन झाली आणि सर्वजण तिला जीएए म्हणतात. २०१८ मध्ये युनेस्कोने हर्लिंगला मानवजातीच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतलं.

२. स्कोअर ‘२-१४’ असा का लिहितात? आणि २-१४ वाला संघ ०-२१ ला हरला कसा?

पहिला आकडा गोलचा, दुसरा पॉइंटचा. गोलखांब इंग्रजी ‘एच’ अक्षरासारखे असतात. चेंडू आडव्या दांडीखालून जाळ्यात गेला तर गोल, त्याचे तीन गुण. दांडीवरून दोन खांबांच्या मधून गेला तर पॉइंट, त्याचा एक गुण. म्हणून २-१४ म्हणजे सहा अधिक चौदा, एकूण २० गुण. ०-२१ म्हणजे गोल एकही नाही, पण गुण २१. दुसरा संघ एका गुणाने जिंकला.

फलक वाचता येत नसेल तर गोलखांबाजवळच्या पांढऱ्या कोटातल्या पंचांकडे पाहा. हिरवं निशाण वर गेलं तर गोल, पांढरं गेलं तर पॉइंट. दोन्ही टोकांना दोन-दोन असे चार पंच असतात, शिवाय दोन रेषापंच आणि मध्ये रेफरी. बचाव करणाऱ्याचा स्पर्श होऊन चेंडू त्याच्याच गोलरेषेबाहेर गेला तर प्रतिस्पर्ध्याला ६५ मीटरच्या रेषेवरून मोकळा फटका मिळतो. त्यालाच सगळे ‘सिक्स्टी-फाइव्ह’ म्हणतात. तिथून थेट पॉइंट काढणारा मुलगा शाळेकडे असेल तर अटीतटीच्या सामन्यात तोच तीन-चार गुणांचा फरक पाडतो.

३. मुलगा शाळेत आहे, मग स्पर्धेला ‘कॉलेजेस’ का म्हणतात?

आयर्लंडमध्ये अनेक माध्यमिक शाळांच्या नावातच ‘कॉलेज’ असतं, म्हणून साधारण १२ ते १८ वर्षांच्या मुलांच्या शालेय स्पर्धेला ‘कॉलेजेस हर्लिंग’ म्हणायची पद्धत पडली. विद्यापीठांची स्पर्धा वेगळी आहे. ती फिट्झगिबन चषकाची, १९१२ पासून चालत आलेली. प्राथमिक शाळांचे सामने ‘कुमन ना मुनस्कोल’ ही शिक्षकांच्या बळावर चालणारी संघटना भरवते. बातमी वाचताना हे तिन्ही थर वेगळे ठेवा.

४. हार्टी चषक, क्रोक चषक, मगीन चषक: यांतलं नक्की काय कशासाठी?

आयर्लंडचे चार पारंपरिक प्रांत आहेत: मन्स्टर, लेन्स्टर, कॉनाक्ट, अल्स्टर. शाळा आधी आपापल्या प्रांतात खेळतात, आणि तिथे वर आलेले संघ अखिल आयर्लंड पातळीवर भेटतात.

मन्स्टरच्या सर्वोच्च गटाचा मान म्हणजे डॉ. हार्टी चषक. कॅशलचे आर्चबिशप जॉन हार्टी यांच्या नावाचा हा चषक १९१८ पासून खेळला जातो. कॉर्क, लिमरिक, टिपररी, क्लेअर आणि वॉटरफर्डमधल्या शाळा त्यात असतात. कॉर्कची नॉर्थ मॉनेस्ट्री आणि एनिसचं सेंट फ्लॅनन्स ही त्यातली सर्वांत वजनदार नावं. पुढे पंतप्रधान झालेले जॅक लिंच नॉर्थ मॉनेस्ट्रीकडून हा चषक जिंकले होते. पण हार्टी ही मूठभर जुन्या शाळांची मिरास राहिलेली नाही. २०२२ मध्ये क्लेअरमधल्या टुला या छोट्या गावच्या सेंट जोसेफ्सने आणि २०२३ मध्ये कॅशल कम्युनिटी स्कूलने तो पहिल्यांदाच जिंकला.

लेन्स्टरमध्ये किलकेनीचा दबदबा आहे, तिथे सेंट कीरन्स कॉलेज आणि किलकेनी सीबीएस (ख्रिश्चन ब्रदर्स स्कूल) यांची चुरस पाहण्यासारखी असते. कॉनाक्टमध्ये हर्लिंग म्हणजे मुख्यतः गॉलवेच्या शाळा. अल्स्टरच्या सर्वोच्च गटाला मगीन चषक म्हणतात.

अखिल आयर्लंडच्या ‘अ’ गटाचा चषक म्हणजे क्रोक चषक, १९४४ पासून. जीएएचे पहिले आश्रयदाते आर्चबिशप टॉमस क्रोक यांचं नाव त्याला आहे, डब्लिनचं क्रोक पार्क मैदानही त्यांच्याच नावाचं. सेंट कीरन्सने हा चषक २० हून अधिक वेळा जिंकला आहे, दुसरी कोणतीही शाळा त्याच्या जवळपास नाही. ‘ब’ गटाच्या अखिल आयर्लंड विजेत्याला पॅडी बगी चषक मिळतो.

५. माझ्या मुलाची शाळा या यादीत कुठेच नाही. मग त्याला स्पर्धाच नाही का?

आहे. वर्तमानपत्रांत फक्त ‘अ’ गट झळकतो, पण शाळेचा आकार आणि खेळाचा दर्जा पाहून ब, क, ड असे गट केलेले असतात. दीडशे मुलांच्या शाळेला हजार मुलांच्या शाळेशी भिडवत नाहीत. नव्याने खेळणाऱ्या मुलासाठी खालचा गट खरोखर चांगला. ‘अ’ गटाच्या बाकावर हिवाळा काढण्यापेक्षा ‘क’ गटात साठ मिनिटं मैदानावर राहिलेला मुलगा वर्षाअखेर कितीतरी पुढे गेलेला असतो. शाळा निवडताना चषकांची कपाटं पाहू नका. पहिल्या वर्षाच्या मुलांचे किती संघ उतरतात आणि त्यांना किती सामने मिळतात, ते विचारा.

६. हंगाम कधी सुरू होतो, कधी संपतो?

ढोबळ वेळापत्रक असं:

सप्टेंबर: निवड, सराव, मैत्रीपूर्ण सामने. ऑक्टोबर-नोव्हेंबर: गटसाखळी. डिसेंबर-जानेवारी: बाद फेरी. फेब्रुवारी: मोठ्या वयोगटाचे प्रांतिक अंतिम सामने. मार्च: अखिल आयर्लंड उपांत्य आणि अंतिम फेरी, पारंपरिकरीत्या १७ मार्चच्या सेंट पॅट्रिक दिनाच्या आसपास. लहान वयोगटांचे काही सामने त्यानंतरही, वसंतात चालतात.

सामने बहुतेकदा आठवड्याच्या मधल्या दिवशी दुपारी असतात. बुधवारी बऱ्याच शाळा लवकर सुटतात, म्हणून तो वार जास्त. मोठे अंतिम सामने मात्र शनिवारी ठेवण्याकडे कल आहे. नोव्हेंबर ते जानेवारी दिवस इतका लहान असतो की दिवे नसलेल्या मैदानावर दुपारी दोननंतर सामना सुरू करणं धोक्याचं, म्हणून बारा-एकची वेळ दिसली तर चकित होऊ नका. गोठलेल्या किंवा तुडुंब ओल्या मैदानामुळे सामना सकाळी रद्द होणं, किंवा ऐनवेळी दुसऱ्या गावी कृत्रिम गवतावर हलवणं हे नित्याचं. म्हणून पिशवीत दोन प्रकारचे बूट हवेत. ओल्या मातीसाठी लांब खिळ्यांचे चालतात, पण कृत्रिम गवतावर धातूचे खिळे चालत नाहीत.

७. वयाचे गट कसे ठरतात?

हार्टी आणि क्रोक चषकाचा गट १९ वर्षांखालील आहे. त्याखाली साडेसोळा, पंधरा असे गट आणि पहिल्या वर्षाच्या मुलांचे सामने असतात. मन्स्टरमध्ये साडेसोळा वर्षांखालच्या ‘अ’ गटाच्या चषकाला डीन रायन म्हणतात. ‘साडेसोळा’ विचित्र वाटतं, पण शाळेचं वर्ष आणि कॅलेंडर वर्ष यांचा मेळ घालण्यासाठी ही अर्ध्या वर्षाची सोय आहे.

गोंधळ होतो तो काउंटीच्या वयोगटांमुळे. काउंटीचा ‘मायनर’ गट २०१८ पासून १८ ऐवजी १७ वर्षांखालील झाला. त्यामुळे १८ वर्षांच्या शाळकरी मुलासाठी शाळेची स्पर्धाच बऱ्याचदा वर्षातला सर्वांत महत्त्वाचा हंगाम ठरते. हार्टीचे सामने बघायला एवढी गर्दी का लोटते, याचं एक कारण हेही आहे. नेमकी कट-ऑफ तारीख त्या वर्षीच्या नियमपत्रकात पाहा, आणि पासपोर्टवरची जन्मतारीख शाळेच्या नोंदीशी जुळते का ते सप्टेंबरातच तपासा.

८. मुलगा तेरा वर्षांचा आहे, कधी हर्ली हातात धरली नाही. उशीर झाला का?

उशीर झाला आहे, पण दार बंद झालेलं नाही. त्याच्या वर्गातली काही मुलं पाच-सहा वर्षांची असल्यापासून क्लबात खेळत असतात. वेगात, दमात तो त्यांची बरोबरी लवकर करेल. खरा फरक असतो पहिल्या स्पर्शात, म्हणजे आलेला चेंडू पहिल्याच प्रयत्नात ताब्यात घेण्यात. आणि तो फरक भिंत भरून काढते.

रोज वीस मिनिटं भिंतीशी खेळायचं. भिंतीपासून चार-पाच पावलांवर उभं राहून पहिला आठवडा टेनिसचा चेंडू, नंतर स्लिटर. आधी उजव्या बाजूने पन्नास फटके, मग डाव्या बाजूने पन्नास, परतलेला चेंडू दर वेळी मोकळ्या हाताने झेलायचा. दोन आठवड्यांनी तोच चेंडू न झेलता हर्लीवर थोपवून मग हातात घ्यायचा. डावी बाजू कंटाळवाणी वाटते म्हणून मुलं ती टाळतात, आणि सामन्यात बचाव करणारा त्यांना नेमकं त्याच बाजूला ढकलतो.

दुसरी गोष्ट चेंडू उचलणं. जमिनीवरचा चेंडू हाताने उचलता येत नाही (प्रश्न १३), तो हर्लीने वर घ्यावा लागतो. सोपी रीत अशी: हर्ली चेंडूवर ठेवून तो आपल्याकडे ओढायचा आणि उलटा येत असतानाच टोक त्याच्या खाली सरकवायचं. वेगवान रीत म्हणजे धावताना वाकून टोक थेट चेंडूखाली घुसवायचं. नवी मुलं हमखास चुकतात ती कमरेतून न वाकता ताठ उभी राहतात म्हणून. हर्ली तिरकी येते आणि चेंडू वर येण्याऐवजी पुढे पळतो. गुडघे वाकवून, हर्ली जवळजवळ जमिनीला समांतर आणली की चेंडू उसळून हातात येतो.

९. माझा मुलगा क्रिकेट खेळलेला आहे. त्याची पकड चुकीची आहे असं प्रशिक्षक म्हणतात. का?

कारण क्रिकेटमध्ये उजव्या हाताच्या फलंदाजाचा डावा हात वर असतो. हॉकीतही तसंच. हर्लिंगची रूढ पकड याच्या उलट आहे: ताकदीचा हात वर, दुसरा खाली.

यामागे साधं कारण आहे. धावताना, चेंडू उचलताना, दुसऱ्याचा फटका अडवताना हर्ली एकाच हातात असते, आणि मोकळा हात झेलण्यासाठी लागतो. एकहाती काम वरच्या हाताचं, म्हणून तो ताकदीचा हवा. उजव्या हाताच्या मुलाने उजवा हात मुठीच्या वरच्या टोकाशी ठेवायचा, चेंडू डाव्या हाताने झेलायचा, डाव्यानेच हलकेच वर सोडायचा आणि मग डावा हात सरकवत उजव्याला भिडवून फटका मारायचा. दोन हातांत फट राहिली तर फटका कमजोर निघतो.

उलट्या पकडीने खेळणारे नामवंत खेळाडूही झाले आहेत, त्यामुळे सोळाव्या वर्षी पकड जबरदस्तीने बदलायची गरज नाही. बारा-तेराव्या वर्षी मात्र बदलावी. पहिले तीन-चार आठवडे खेळ घसरतो, मूल चिडतं, मग एकदम सुटतं. क्रिकेटमधून येणारी चांगली शिदोरी म्हणजे मनगट आणि उंच झेल. त्या झेलांवर प्रशिक्षक खूश होतात.

१०. हर्ली किती मापाची घ्यावी?

माप इंचांत असतं. मुलाला बूट घालून सरळ उभं करा, हर्लीचं बॉस खाली टेकवून ती पायाशी उभी धरा. मुठीचं टोक कमरेच्या हाडापाशी आलं पाहिजे. मोठ्या माणसांच्या हर्ली साधारण ३४ ते ३६ इंच, बारा-तेराच्या मुलांच्या त्याहून काही इंच कमी.

आपल्याकडचे पालक हमखास करतात ती चूक म्हणजे ‘वाढत्या अंगाचा’ शर्ट घेतात तशी मोठी हर्ली घेणं. लांब आणि जड हर्लीने मुलाचा फटका उशिरा निघतो, आणि तेवढ्या वेळात समोरचा येऊन तो अडवतो. आजकाल वरिष्ठ खेळाडूही आखूड हर्ली वापरतात. दोन मापांत घोटाळा असेल तर लहान घ्या.

११. ॲशच्या लाकडाची घ्यावी, बांबूची की प्लास्टिकची?

परंपरा ॲशची. हे लाकूड धक्का पचवतं आणि लवचीक असतं. चांगली हर्ली झाडाच्या अगदी बुंध्यापासून काढतात, जिथे खोड मुळाकडे वळतं, कारण तिथे लाकडाचे तंतूही वळलेले असतात. दुकानात हर्ली हातात घेतल्यावर हेच पाहा: तंतूंच्या रेषा मुठीपासून खाली येऊन बॉसच्या वाकासोबत वळल्या पाहिजेत. रेषा वाकापाशी आडव्या तुटत असतील तर ती हर्ली तिथेच मोडणार.

पण आयर्लंडमध्ये २०१२ साली ॲश झाडांवरचा घातक बुरशीजन्य रोग आढळला आणि तिथली झाडं झपाट्याने मरू लागली. लाकूड बाहेरच्या देशांतून आणावं लागतं. म्हणून बांबूच्या आणि कृत्रिम हर्ली पुढे आल्या. बांबू हाताला ॲशच्या जवळ जाणारा आणि टिकाऊ. कृत्रिम हर्ली पावसात बदलत नाही, सगळ्या नगांचं वजन सारखं असतं, पण काही मुलांना तिचा स्पर्श कोरडा, कडक वाटतो. भिंतीच्या सरावासाठी कृत्रिम आणि सामन्यासाठी ॲश किंवा बांबू, अशी विभागणी खर्चाच्या दृष्टीनेही चांगली.

१२. एका हंगामात किती हर्ली मोडतात? आणि टिकवायच्या कशा?

पंधराच्या पुढच्या मुलाला सामन्याला दोन एकसारख्या हर्ली हव्यातच, तिसरी असली तर उत्तम. मोडली की बाजूला उभा असलेला मदतनीस दुसरी धावत आणून देतो, म्हणून तिच्यावर नाव किंवा क्रमांक ठळक लिहा.

ॲशची हर्ली हीटरजवळ वाळवू नका. हिवाळ्यात ओल्या सामन्यानंतर घराघरांत हेच होतं, आणि दोन आठवड्यांत ती काचेसारखी तडकते. कापडाने पुसा, थंड खोलीत आडवी ठेवा, अधूनमधून जवसाचं तेल चोळा. बॉसभोवतीची धातूची पट्टी तडा रोखते. पट्टी सैल झाली किंवा खिळा वर आला तर लगेच दुरुस्त करून घ्या. धारदार कडा दिसली तर रेफरी हर्ली बाजूला ठेवायला लावतो. मुठीवरची पकडपट्टी गुळगुळीत झाली की बदला. ओल्या दिवशी हर्ली हातातून निसटते ती बहुतेकदा याच कारणाने.

१३. रेफरी सारखी शिट्टी का वाजवतो? काहीच कळत नाही.

नव्या खेळाडूच्या विरोधात शिट्टी वाजते ती बहुतेक वेळा या कारणांनी:

चेंडू हातात धरून चारपेक्षा जास्त पावलं टाकली. (हर्लीवर तोलून मात्र कितीही धावता येतं.)

जमिनीवरचा चेंडू थेट हाताने उचलला.

एका ताब्यात चेंडू दोनपेक्षा जास्त वेळा हातात घेतला. पहिल्यांदा झेलला, हर्लीवर घेतला, पुन्हा हातात आला: इथपर्यंत चालतं. तिसऱ्यांदा नाही.

हाताने पास देताना चेंडूला स्पष्ट थाप न मारता तो फेकला. हा सर्वांत वादग्रस्त नियम. मुलाला सवय लावा की तळव्याचा फटका लांबून पाहणाऱ्यालाही दिसला पाहिजे.

मागून ढकललं, किंवा समोरून धडक दिली. खांद्याला खांदा भिडवणं नियमात बसतं, छातीवर किंवा पाठीत धडकणं बसत नाही.

प्रतिस्पर्धी फटका मारत असताना त्याची हर्ली आपल्या हर्लीने मागून अडवणं, म्हणजे ‘हुक’, हे पूर्ण वैध आहे. पालक तिथे ‘फाऊल’ म्हणून ओरडतात, पण ती बचावाची सर्वांत सुंदर कला आहे.

पेनल्टीच्या वेळी गोलरेषेवर फक्त एक बचावपटू असतो. ही पद्धत २०१५ पासूनची, त्याआधी तिघे असायचे.

१४. खेळ धोकादायक आहे का? हेल्मेटशिवाय आणखी काय लागतं?

वेग आणि काठ्या आहेत, त्यामुळे बोटांना आणि नडगीला मार लागतो. हेल्मेट २०१० पासून सर्व वयोगटांना सक्तीचं आहे, सरावातही. जाळीसकट, आयएस ३५५ या आयरिश मानकाचं घ्या. जाळीची एकही सळई कापायची किंवा वाकवायची नाही, मूल ‘दिसत नाही’ म्हणत असलं तरी. तसं केलं तर हेल्मेट मानकाबाहेर जातं आणि विम्याचा दावाही अडचणीत येतो. हेल्मेटचं माप दर सप्टेंबरात पुन्हा पाहा. मान हलवल्यावर ते डोक्यावर फिरत असेल तर बदला.

माउथगार्ड गेलिक फुटबॉलमध्ये (जीएएचा दुसरा खेळ) सक्तीचा आहे, हर्लिंगमध्ये नाही. नडगीची ढाल ऐच्छिक, पण नवशिक्याने वापरावी. झेलणाऱ्या हाताला एक हातमोजा बरेच जण घालतात.

मार जास्त लागतो तो कचरल्यामुळे. फटका अडवायला गेलेला मुलगा शेवटच्या क्षणी अर्ध्या अंतरावर थांबला, तर हर्लीचं सुसाट टोक नेमकं त्याच्या बोटांवर येतं. पुढे पाऊल टाकून जवळ भिडला तर हर्लीला वेग मिळायच्या आतच ती अडते. म्हणून प्रशिक्षक ‘आत जा’ असं ओरडत असतात. ते मुलाला सुरक्षित ठेवण्यासाठीच असतं.

डोक्याला धक्का बसल्याची नुसती शंका असली तरी खेळाडूला बाहेर काढायचं आणि त्या दिवशी परत उतरवायचं नाही. यावर मुलाच्या रडण्याला बधू नका. आणि शाळेचा विद्यार्थी-विमा सामने, सराव आणि प्रवास तिन्हींना लागू आहे का, हे हंगामाआधी लेखी विचारून घ्या.

१५. शाळा, क्लब, काउंटी आणि अभ्यास: हे सगळं एकदम जमतं का?

एका आठवड्यात तिन्ही संघांचे सराव आले तर जमत नाही. चांगला खेळणारा सोळा-सतराचा मुलगा शाळा, क्लब आणि काउंटीच्या विकास पथकात एकाच वेळी असतो, आणि प्रत्येक प्रशिक्षकाला तो आपलाच वाटतो. एका वहीत आठवड्याचा सगळा व्यायाम लिहून ठेवा आणि तिन्ही प्रशिक्षकांना दाखवा. सलग दोन दिवस जोरदार सराव आणि तिसऱ्या दिवशी सामना अशी मांडणी दिसली तर एक सराव सोडायला सांगा. मांडीचा मागचा स्नायू आणि जांघ याच महिन्यांत दुखावतात.

अभ्यासाचं म्हणाल तर लिव्हिंग सर्टिफिकेटची, म्हणजे शाळा संपतानाची परीक्षा जूनमध्ये असते, पण सराव परीक्षा फेब्रुवारीच्या सुमारास, म्हणजे नेमक्या प्रांतिक अंतिम फेऱ्यांच्या वेळी येतात. ट्रान्झिशन इयर, म्हणजे मधलं हलकं वर्ष घेतलं असेल तर ते खेळाच्या दृष्टीने सोन्याचं वर्ष. शेवटच्या वर्षाच्या मुलाने नाताळच्या सुट्टीतच तोंडी आणि प्रकल्पाचं काम पुढे नेऊन ठेवलं तर फेब्रुवारीत ओढाताण होत नाही.

१६. सामना बरोबरीत सुटला तर?

बाद फेरीत १०-१० मिनिटांचा जादा वेळ देतात. तरीही बरोबरी राहिली तर पुनर्सामना की पेनल्टी, हे त्या स्पर्धेच्या नियमपत्रकात लिहिलेलं असतं, आणि प्रांताप्रांतात फरक असू शकतो. जादा वेळेत दमलेल्या मुलांना पोटऱ्यांत गोळे येतात, म्हणून पाणी आणि केळी पिशवीत असू द्या. घरून नेलेला गुळपोळीचा तुकडाही चालतो.

१७. दोन-तीन शाळा मिळून एक संघ उतरवू शकतात का?

यावर आयर्लंडमध्ये खूप वाद झालेला आहे. २००६ मध्ये डब्लिन कॉलेजेस आणि २०१३ मध्ये डंगार्वन कॉलेजेस या एकत्रित संघांनी क्रोक चषक जिंकला. बाजूने बोलणारे म्हणतात, जिथे एकेका शाळेत पंधरा खेळाडू जमत नाहीत तिथे मुलांनी जायचं कुठे? विरोधक म्हणतात, एकट्या शाळेने संपूर्ण गावाशी का लढावं? छोट्या शाळांच्या मुलांना खेळायला मिळणं जास्त महत्त्वाचं आहे, असं आमचं मत. पण परवानगी, गट आणि अटी दर हंगामात आयोजक ठरवतात. शाळा एकत्र येणार असेल तर अर्ज हंगामाआधी जावा लागतो, डिसेंबरात जाग येऊन उपयोग नाही.

१८. वर्षाच्या मध्यात शाळा बदलली, किंवा मुलगा शेवटचं वर्ष पुन्हा करतोय. तो खेळू शकतो का?

वयात बसतो एवढ्यावरून गृहीत धरू नका. खेळाडू त्या शाळेचा पूर्णवेळ, नियमित विद्यार्थी असावा लागतो, आणि शाळा बदलणाऱ्यांसाठी व शेवटचं वर्ष पुन्हा करणाऱ्यांसाठी वेगळ्या अटी असू शकतात. शाळेच्या क्रीडाशिक्षकाला आयोजकांकडून लेखी उत्तर मागवायला सांगा, आणि ते येईपर्यंत मुलाला अधिकृत सामन्यात उतरवू नये. अपात्र खेळाडू खेळला तर जिंकलेला सामना हातचा जाऊ शकतो, आणि त्याचं ओझं त्या एका मुलाच्या डोक्यावर येतं. भारतातून जानेवारीत येणाऱ्या कुटुंबांनी प्रवेशाची तारीख दाखवणारं शाळेचं पत्र जपून ठेवावं.

१९. आम्ही बेलफास्टकडे राहतो. उत्तर आयर्लंड युनायटेड किंग्डममध्ये आहे, मग अखिल आयर्लंड स्पर्धा लागू होते का?

होते. जीएएचा कारभार पूर्ण बेटाचा आहे, राजकीय सीमा त्यात येत नाही. अँट्रिमच्या किनाऱ्यावरच्या बालिकासलसारख्या गावांत हर्लिंग घट्ट रुजलेलं आहे. तुमच्याकडे लिव्हिंग सर्टिफिकेटऐवजी ए-लेव्हल आणि जीसीएसई या परीक्षा असतात, त्यामुळे प्रश्न १५ मधलं परीक्षेचं वेळापत्रक तुम्हाला लागू नाही. हंगामाचे महिने साधारण तेच.

२०. मुलीसाठी काय?

मुलींच्या खेळाला कमोगी म्हणतात. संघटना १९०४ पासूनची आणि जीएएहून वेगळी आहे. शाळांच्या स्पर्धाही स्वतंत्र. पंधरा जणी, तेच मैदान, जवळपास तेच नियम, चेंडू मात्र थोडा लहान, चार क्रमांकाचा. हेल्मेट सक्तीचं. पकड, भिंतीचा सराव, हर्लीचं माप हे सगळं प्रश्न ८ ते १२ प्रमाणेच. बरीच वर्षं मुलींना स्कर्टसारखाच पोशाख घालावा लागत होता, मे २०२५ मध्ये खास अधिवेशनात मतदान होऊन शॉर्ट्सला मुभा मिळाली. आता मुलीला हवं ते घालू द्या.

२१. मुलगा ३० जणांच्या पथकात आहे, पण एक मिनिटही उतरला नाही. शिक्षकांशी बोलू का?

बोला, पण सामन्याच्या दिवशी नको आणि गटातल्या संदेशांतून तर नकोच. दोन दिवसांनी शांतपणे एकच प्रश्न विचारा: ‘त्याने कोणत्या दोन गोष्टी सुधारल्या तर त्याचा विचार होईल?’ शिक्षक हे काम शाळा सुटल्यावर, बहुधा विनावेतन करत असतात आणि अशा प्रश्नाचं नेमकं उत्तर देतात. बऱ्याचदा ते उत्तर ‘डावी बाजू’ किंवा ‘दबावाखाली चेंडू उचलणं’ असं असतं, म्हणजे पुन्हा प्रश्न ८ आणि भिंत. त्याच मोसमात शाळेच्या दुसऱ्या संघाचे सामने असतील तर त्यात खेळायची परवानगी मिळते का, हेही विचारा. एकदा वरच्या गटात उतरलेल्या खेळाडूला खालच्या गटात खेळू देत नाहीत अशी अट असू शकते, म्हणून वरच्या गटात शेवटच्या पाच मिनिटांपुरतं मैदानात जाण्याआधी शिक्षकांनी ती अट तपासलेली बरी.